ओळखीचं कुणी नसेल अशी मीटिंग

३ फेब्रु., मंगळ. कोरडे दिवस २३
कल्याणच्या डॉक्टरला दाखवून आलो. लिव्हर जरा बरं. गोळ्या त्याच. म्हणाला, गोळ्यांचं काम निम्मं, उरलेलं दारू सोडलेल्या माणसांत बसून होतं. कागदावर दोन मीटिंगा लिहून दिल्या. शहापूर मंगळवार, मुरबाड गुरुवार. दोन्ही संध्याकाळी सहा, दोन्ही शाळेत. शहापूरवर तिथंच काट मारली. वीस वर्षं बाजारपेठेत पंपाच्या मोटरी दुरुस्त करतोय, अर्धा तालुका नावानं हाक मारतो. त्यांच्यासमोर बसून काय सांगू? मुरबाडच बरं.

५ फेब्रु., गुरु. को. २५
दुकान चारला बंद. एसटीनं दीड तास. शाळेला कुलूप. पाटी नाही, काही नाही. एक पाटी लावली असती तर यांचं काय जात होतं? टपरीवाल्याला विचारायला गेलो तर तोंडातून ‘दारू’ शब्द फुटेना. मीटिंग कुठाय, एवढंच विचारलं. कसली, म्हणाला. मी म्हटलं, पाण्याची. का म्हटलं देव जाणे. त्यानं बोट दाखवलं, आणि समाजमंदिरात खरंच पाणीवाटपाची मीटिंग चालू होती. तासभर बसलो. वर मोटरीच्या देखभालीवर दोन शब्द बोललोसुद्धा. चहा मिळाला. घरी बायकोला, सुनंदाला सांगितलं, झाली मीटिंग. ती इतकी खूश झाली की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

८ फेब्रु., रवि. को. २८
ताई पत्रिका घेऊन आली. भाच्याची हळद २१ ला. आमच्यात हळदीला मंडपामागं पाहुण्यांची ‘सोय’ असते आणि ती बघायची मामानं. बाटल्यांच्या पेट्या आदल्या दिवशी मामाच्या घरी उतरतात, खोलीची किल्ली मामाकडं. दुसऱ्याला दिली तर मामाचा अपमान. ताईला वाटतं मला कावीळ झाली होती. तसं आम्हीच सांगितलंय सगळ्यांना.
“तू नको घेव रे, नुस्ता वाढ,” म्हणाली.
नुस्ता वाढ. बोक्याला म्हणावं दूध राख. त्याआधी ती मीटिंग गाठायलाच हवी, नाहीतर माझं काही खरं नाही. डॉक्टरच्या कागदावरचा मुरबाडचा नंबर चार वेळा लावला. नुसता वाजतो.

१२ फेब्रु., गुरु. को. ३२
पुन्हा मुरबाड. एसटी अर्धा तास उशिरा. आज शाळेचा शिपाई भेटला. लाज गिळून सरळ विचारलं, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठं?
“ती बंद झाली. मुरबाडची मानसं हितं कशाला बसतील? वळखीचं कोनी बघील ना. ती जातात शहापूरला.”
मग इथं कोण यायचं?
“शहापूरचेच दोगं-तिगं. मंग तेबी नाय आले.”
म्हणजे हे आमच्याकडं तोंड लपवायला येणार, आम्ही यांच्याकडं. काखेत कळसा नि गावाला वळसा. शहापूरची शाळा माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर! परतीच्या एसटीत कंडक्टरशी विनाकारण भांडलो.

१७ फेब्रु., मंगळ. को. ३७
गेलो. हत्यारांची पिशवी घेऊन गेलो, म्हणजे कुणी बघितलं तर कामाला आलाय वाटावं. फाटकावरून तीनदा पुढं गेलो. शेवटी वर्गाच्या दारात उभा राहिलो तर एक पांढऱ्या मिशांचा माणूस म्हणाला, पंखा बघायला आलात का? आणि मी हो म्हटलं.
हो म्हटलं! बाकावर चढलो. वरची वायर सुटली होती. खाली सातजण, सगळे अनोळखी, त्यांनी माझ्यामुळं बोलणं थांबवलं नाही. मुरबाडकडच्या धसईचा एकजण बोलत होता. “मला नाय म्हनायला कोनी शिकवलाच नाय. हळदीत हो, मयताला हो. घरात एकटा असलो तरी बाटलीला हो.” वर हात तसाच राहिला. पंखा दहा मिनिटांत झाला असता, पाऊण तास लावला. मग पिशवी उचलून निघालो. मिशीवाला दारापर्यंत आला. “पंखा चालतोय का बघायला मंगळवारी या,” म्हणाला. त्याला कळलं होतं.

२० फेब्रु., शुक्र. को. ४०
टेम्पो आला. सात पेट्या आतल्या खोलीत. किल्ली माझ्या खिशात. दुकानात तीनदा हात तिच्यावर गेला. भीती वाटतेय, खरं लिहायला काय हरकत? पुढची मीटिंग मंगळवारी, हळद उद्या. असल्या मीटिंगा शनिवारी का नाही घेत हे लोक? मिशीवाल्याचा नंबरही घेतला नाही. गाढव.

२१ फेब्रु., शनि. को. ४१, सकाळ
आठला ताईला फोन लावला. बोलायचं पाठ केलं होतं, सगळं विसरलो. एवढंच म्हटलं, ताई, मला दारू सुटत नाही. पेट्या माझ्या घरातून ने.
मागं बायकांचा गलका. मग हळू आवाजात म्हणाली, “आज? पावने आलेत रे. आज मी कोनाला काय सांगू?”
तिनं फोन ठेवला, रागावून का रडत ते कळलं नाही. सुनंदा आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून साडीला पिना लावतेय. किल्ली मागत नाही. मीही देत नाही. पेट्या अजून आतच. पाचला मंडपात पोचायचंय.