तात्यांना वाचून दाखवलेली ओळ

नोएडा, शुक्रवार, १५ मार्च १९९६

प्रिय रुचिता,

रविवार, १३ नोव्हेंबर १९९४, दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटं. तारीख-वेळ आधीच लिहून टाकते, म्हणजे मागाहून ‘नीट आठवत नाही’ म्हणायची सोय मला राहणार नाही. त्या मिनिटाला आपल्या घरात एक अपराध झाला आणि तो कोणी केला हे गेले सोळा महिने तुला चुकीचं माहीत आहे. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर मला खोटं बोलता येतं आणि तुला फोन ठेवता येतो.

तुझं पत्र शनिवारी आलं. नोएडाहून तुझ्या फरीदाबादला जायला तासभर लागतो, आणि नात झाल्याचं मला टपालाने कळलं. एकतीस तारखेच्या बारशाला मला बोलावलंस आणि खाली लिहिलंस, ‘आजोबा असले तरी तात्यांना बिल्कुल आणू नकोस. ज्यांना माझा नवरा म्हणून विश्वनाथ चालला नाही त्यांनी माझ्या मुलीच्या पाळण्याजवळ कशाला यायचं?’ तुझं मराठी अजून हिंदीचा हात धरूनच चालतं, पण वार कसा करायचा ते माझ्याकडून बरोबर शिकलीस. फक्त तो भलत्या माणसावर केलास.

आपले रविवार आठवतात ना? दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक सिनेमा, कधी आसामी, कधी मल्याळम. काचबिंदूने तात्यांची नजर गेल्यापासून खालची इंग्रजी ओळ मी त्यांना मराठीत वाचून दाखवायची. वर्तमानपत्र, पेन्शनचे कागद, नातेवाइकांची पत्रं, सगळं मीच वाचायची. या वसाहतीत चौथ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं, पण केबल चढली आणि शेजारीपाजारी तिच्यामागे लागले. तात्या मात्र म्हणायचे, “मला आपला रविवारचाच बरा. कुमुद वाचते तेव्हा मला दिसतं.”

त्या रविवारी तमिळ सिनेमा होता आणि विश्वनाथ पहिल्यांदा घरी जेवायला आला होता. सिनेमा संपला की तू तात्यांना विचारणार, असं आपलं ठरलं होतं. तुझे बाबा गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. सिनेमा साधाच, एका मास्तरांच्या मुलीचं मन एका नावाड्याच्या मुलावर जडलेलं. शेवटी बाप तिची ट्रंक स्वतः उचलून बसपर्यंत नेतो. तू चहा टाकायला आत गेलीस. बाप बोलला आणि खाली ओळ आली, ‘जा पोरी. मला काळजी तुझी नव्हती, माझी होती.’ तात्यांनी विचारलं, “काय म्हणाला गं?” मी वाचलं, “गेलीस तर तुला बाप नाही आणि मला मुलगी नाही.”

असं का वाचलं? तमिळ जावई मला नको होता, असं नाही. जात, भाषा सगळं झूट, हे मी ऑफिसात तेहतीस वर्षं मोठ्या आवाजात सांगत आले. म्हणून तर तोंडाने नाही म्हणायची लाज वाटली. तू गेल्यावर या घरात मी आणि एक आंधळा म्हातारा, दोघंच उरणार, याची मला धडकी भरली होती. पडद्यावरच्या त्या बापाने माझंच मन बोलून दाखवलं, त्याचा मला राग आला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या की भित्रा माणूस खोटंसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून बोलतो. माझ्या इंग्रजीला त्यांनी दरवर्षी बक्षीस दिलं. ते इंग्रजी मी असं वापरलं.

विश्वनाथला मूळ वाक्य कळलं होतं आणि माझं मराठीही, निदान पुरतं. तो माझ्याकडे बघत राहिला.  तुझं पत्र वाचून कळतं की त्याने तुलाही काही सांगितलेलं नाही. तात्या चहा न घेताच उठले, भिंत चाचपडत खोलीत गेले. तू ट्रे घेऊन आलीस तेव्हा मी हळूच म्हटलं, “समजलं त्यांना. नको म्हणतात. आता विचारून त्यांना त्रास देऊ नकोस.” तू विचारलं नाहीस. कोर्टातल्या लग्नाला मी आले नाही, तेव्हाही कारण तात्यांचंच पुढे केलं. आणि त्यांना काय सांगितलं? “हल्लीच्या मुली विचारतात कुठे?”

शनिवारी पाकीट फाडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. “रुचीचं का? वाच.” नात झाली तिथपर्यंत वाचलं. पुढचं गोड करून वाचायला मी तोंड उघडलं, पण पत्र मिटलं. मग सगळं सांगितलं, सिनेमापासून. त्यांनी हात पुढे करून पत्र माझ्याकडून काढून घेतलं. मग म्हणाले, “तो बाप असला बोलला म्हणून मी उठलो. मला त्याचा संताप आला होता. रुची येईल, विचारेल म्हणून इस्त्रीचा सदरा घालून खोलीत बसून होतो. कडीसुद्धा लावली नव्हती.” आणि मग, “नकार असो, होकार असो, तो मी द्यायचा होता. तुम्ही फाईल माझ्यापर्यंत येऊच दिली नाहीत, सेक्शन ऑफिसरबाई.” मला ‘तुम्ही’ ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. त्या दिवसापासून मी वाचलेलं ते ऐकत नाहीत. वर्तमानपत्र शेजारच्या सरलाताई येऊन वाचतात. टपालात टाकण्याआधी हे पत्रही त्याच त्यांना वाचून दाखवणार आहेत, तात्यांनीच तसं सांगितलं आहे. सरलाताईंपुढे माझी शोभा होईल. होऊ दे.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की पाळण्याजवळ कोणी येऊ नये हे तू खोट्या माहितीवर ठरवलंस. आता खऱ्यावर ठरव. तात्या चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांना बोलाव. सरलाताईंचे यजमान दीनानाथ त्यांना गाडीने आणून सोडतील, मी बरोबर असलंच पाहिजे असं नाही. मला येऊ द्यायचं की नाही तेही लिही, आडपडदा नको. विश्वनाथची माफी मी समोर उभी राहून मागेन, त्याने उभं केलं तर. सोमवार, २५ मार्चच्या टपालाने तुझं लेखी उत्तर इथे पोहोचलं पाहिजे. पाकिटावर तात्यांचं नाव घाल. मी ते उघडणार नाही.

तुझीच, तू अजून म्हणू देत असशील तर,
आई