धोंड्याचा टेकू

शनिवार, ८ फेब्रुवारी
निपाणी सोडून बसवनगुडीत संसार थाटल्याला आठवडा झाला आणि आज पहिली सहल! निघालो होतो म्हैसूरला, पण गाड्यांच्या रांगेला कंटाळून मकरंदने आडवाट धरली. नवरा माझा इंजिनिअर, नकाशापेक्षा स्वतःच्या अकलेवर भरवसा जास्त. मी तोंड फुगवणार तोच माळावर तो धोंडा दिसला. घराएवढा, दुसऱ्या खडकावर कलंडलेला, आत्ता पडेल की मग असा. खालच्या फटीत शेकडो काटक्या उभ्या. तिथे काकड्या विकणाऱ्या अनुसूयाक्कांनी कन्नडमध्ये सांगितलं, येणारा प्रत्येक जण धोंड्याला टेकू देऊन जातो, दिलेला कुणी काढत नाही. मी हौसेने एक काटकी लावली. मकरंद म्हणाला, बुडत्याला काडीचा आधार ऐकला होता, धोंड्याला आजच पाहिला. आणि एक उपटून फेकून दिली! काहीच झालं नाही. जागा रिकामी राहत नाही, एवढंच अक्का पुटपुटल्या. काकड्या छान कोवळ्या होत्या.

सोमवार, १०
मकरंदचे खांदे भरून आलेत. गाडी चालवून, म्हणतो. तेल चोळून दिलं.

बुधवार, १२
एक्स-रेत काही निघालं नाही. पण तो वाकून चालतोय. छत खाली आलंय का, असं विचारलं त्याने. मी हसले. तो हसला नाही.

शुक्रवार, १४
सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा, दोन्ही हात चौकटीला लावून, घामाने निथळत. हात काढला तर येईल खाली, म्हणाला. मला फार भीती वाटते. त्याला काही झालं तर या गावात माझं कोण आहे? उद्या टेकू परत लावायचा.

शनिवार, १५
धोंड्याखाली लावलेल्या सात काटक्या मोडल्या. एकही राहत नाही. मकरंद स्वतःच खाली शिरला, पाठ लावून बसला. म्हणाला, आता हलकं वाटतंय —

दुपार
बाहेर येत नाही. घशाला कोरड पडलीय, थोडा वेळ तू धर, पाणी पिऊन आलोच, म्हणतो. अक्का हात जोडून नको म्हणताहेत. पण नवरा आहे माझा —

वही मांडीवर आहे. पाठ हलवता येत नाही. मकरंद ताठ उभा राहिला, किती दिवसांनी! पाणी प्यायला. तोंड पुसलं. मी हाक मारली — वळला नाही. गाडीकडे चाललाय. बाटली ठेवायला असेल. तो मला असं — दार लावलं. गाडी सुरू — मकरं