बुडालेला सावकार आणि माझी चाळिशी

सोलापूर,
श्रावणातला दुसरा रविवार

आदरणीय दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, नारायणाचा साष्टांग नमस्कार (कागदावर तरी साष्टांग, एरवी गुडघा परवानगी देत नाही). ताईची कंबर कशी आहे? तुमचा मोतीबिंदू काढून महिना झाला, आता थेंबही बंद झाले असतील. इकडे दुर्गा आणि तुमची भाची सुकन्या खुशाल आहेत. मीही आहे, फक्त नाकावर एक पाहुणा येऊन बसला आहे. त्याची हकीकत फोनवरच सांगितली असती, पण तुमचा फोन ताई स्पीकरवर लावते.

आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात श्रावणातल्या दर शनिवारी सावकाराची पोथी वाचायचा मान आधी वडिलांचा होता, त्यांच्यामागे माझा. गेली दोन वर्षं मात्र अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढू लागली होती. मी पोथी लांब धरत गेलो, पण हात काही वाढले नाहीत. जेवढं पाठ होतं तेवढं म्हणायचो, बाकीचं जमेल तसं पुढे ढकलायचो. चष्म्याची लाज नव्हती, दाजी. वडिलांनी सत्तरीपर्यंत समईच्या उजेडात वाचलं, म्हणून मला वाटायचं की माझ्या भक्तीतच काही कमी पडतंय. मी शनिवारचा उपास कडक केला. (डोळ्यांचा नंबर उपासाला बधत नाही, हे आता कळलं.) पहिल्या शनिवारी व्हायचं तेच झालं. दोन पानं एकदम उलटली. सावकाराचं तारू भर समुद्रात बुडालं आणि पुढच्याच ओवीत तो लेकीच्या लग्नात अक्षता टाकताना सापडला.

पुढे बसली होती मायाक्का. तिला अक्षर वाचता येत नाही, पण चाळीस श्रावण ऐकून पोथी तिच्या कानात बसली आहे. ती म्हणाली, "आरं नारायणा, बुडालेला सावकार लग्नाला आला कसा?" मी डोळे मिटून म्हणालो, "देवाच्या कृपेनं, मायाक्का." सगळ्यांनी हात जोडले. तिनं नाही जोडले. "किरपा हाय ती खरी, पर तुला दिसत न्हाय. आठ दिसांत चष्मा आण, न्हायतर रुद्रप्पा वाचंल." आता रुद्रप्पा माणूस देवभोळा, पण त्याची हयात एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली. तो वाचायला लागला की देवसुद्धा फलाट क्रमांक तीनवर लागल्यासारखा वाटतो. वडिलांची जागा अशी जाऊ देणं मला जमणार नव्हतं.

सोमवारीच नवी पेठेतलं चष्म्याचं दुकान गाठलं. बाकावर बसलो असताना माझ्याआधीच्या तिघांनी जवळचं वाचायचं कार्ड मोठ्यानं वाचलं. माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे, चार ओळी तीनदा कानावर पडल्या की तेवढ्यापुरत्या पाठ होतात. पाळी आल्यावर मी कार्ड हातात घेतलं आणि शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड म्हणून टाकलं. तपासणारी मुलगी माझ्या हातातल्या कार्डाकडे वाकली. मग हळूच म्हणाली, "काका, ही कार्डाची कानडी बाजू आहे."

बिचारी रागावली नाही. हा आजार नव्हे, डोळ्यातलं भिंग वयानं ताठर होतं, चाळिशी ती हीच, असं तिनं समजावलं. (सुकन्याला लांबचं दिसत नाही, मला जवळचं, म्हणजे घरात मिळून एक धड नजर आहे.) मधे रेघ असलेला दुभिंगी चष्मा घालून पाहिला, तर दुकानदाराचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे दिसलं. शेवटी प्रोग्रेसिव्ह घेतला. त्यात रेघ नसते. वरून लांबचं, मधून मधलं आणि खालून जवळचं दिसतं. तो तयार झाल्यावर घालून घरी जाताना दुकानाच्या जिन्याच्या पायऱ्या मी वाचायच्या भागातून पाहिल्या, आणि नसलेली एक पायरी उतरून थेट उसाच्या रसवाल्याच्या गळ्यात पडलो. तो म्हणाला, "बसा की काका, मिठी कशाला?"

काल दुसरा शनिवार. पोथीला नमस्कार करून मी नम्रपणे मान खाली घातली, आणि सगळं धूसर! पोथी वरच्या, लांबच्या भागात आली होती. रुद्रप्पा घसा खाकरू लागला. तेवढ्यात मायाक्का ओरडली, "मान ताठ, डोळं खाली! नव्या नवरीवाणी मान घालू नगंस." (तिची सून असाच चष्मा लावते.) तसं केलं आणि दाजी, अक्षर न् अक्षर समोर उभं राहिलं.

तेव्हाच कळलं. दोन वर्षं मी जे वाचत होतो, त्यातलं निम्मं पोथीत नाहीच! पोथीतली सावकारीण दोन ओळी रडते आणि गप्प बसते. माझी सावकारीण किनाऱ्यावर कंबर कसून समुद्राशी भांडायची: "तुझ्या पोटी मीठ, माझ्या पोटी लेकरू." तारवावरचा तो आचारी, ज्याची कढी कायम फुटायची, त्याचं तर नावही पोथीत नाही. मी मनातल्या मनात मारुतीची क्षमा मागितली आणि लिहिलेलं तेवढंच वाचलं. पोथी वीस मिनिटं आधी संपली. पण लोक उठेनात.

"एक शबूद चुकला न्हाय," मायाक्का म्हणाली. "जागा तुझीच. पर ती भांडखोर सावकारीण कुटं गेली?" मी कबूल केलं, की ती पोथीत नाही. "मला ठावं हाय की! मी काय आज ऐकतिया व्हय? पानं गाळू नगंस म्हनलं हुतं, सावकारणीला गाळ म्हनलं न्हवतं."

तरी मी ठरवलं आहे. डोळे मिळाले ते पोथीत आहे तेच वाचण्यासाठी. मन हलकं झालं आहे. डोळ्याला पाणी लागू देऊ नका, ताईला नमस्कार सांगा.

आपला,
नारायण

ता. क. : मागच्या श्रावणात तुम्ही आला होता, तेव्हा माझं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. ते कृपा करून पुसून टाका. खरं तर हेच सांगायला लिहायला बसलो. देवाच्या नावावर खपवलेलं माझं काही मागे राहू नये.

आणखी ता. क. : पुसण्याआधी एकदा सुकन्याच्या मोबाइलवर पाठवा. सावकारीण समुद्राला शेवटी काय म्हणाली ते मला आठवत नाही. येत्या शनिवारी आरती झाल्यावर, पोथी कापडात बांधून ठेवल्यावर, तेवढं सांगायला मायाक्का मला बसवणार आहे. रुद्रप्पाही थांबणार आहे.