शेजारच्या गच्चीवरचं ऊन

८ डिसेंबर २०२४, रविवार

मोठी निळी बादली गायब! बाथरूममध्ये नाही, मोरीत नाही. शोधत वर गेले तर काय — साहेब शेजारच्या गच्चीवर. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात वायपर, आणि सरोजिनीच्या सोलर पॅनलना अंघोळ चाललेली!

"धूळ बसली की वीज कमी होते गं. समोर टॉवरचं काम चाललंय ना," म्हणे. आमच्या पंख्यांवर दिवाळीपासून धूळ आहे. ती दिसत नाही.

(तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. इथे तो प्रल्हाद. वही माझी आहे.)

१० डिसेंबर

डोकं शांत व्हावं म्हणून सगळं नीट लिहून काढते.

बोळींजची आमची रो-हाउसची रांग. सरोजिनीची आणि आमची भिंत एक, गच्चीचा कठडा एक. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. मूलबाळ नाही, बँकेत नोकरी. नोव्हेंबरात तिने सोलर बसवलं. प्रल्हाद पंचवीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होता. व्हीआरएस घेतल्यापासून घरात नुसता येरझारा घालायचा. त्याला आयतं काम मिळालं. फॉर्म भरण्यापासून येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारा तो नवा मीटर लागेपर्यंत सगळं ह्यानेच केलं. वीज कार्यालयात चार खेपा! माझ्या रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला एक खेप होत नाही.

मी म्हटलं होतं, आपणही बसवू. "आपली अर्धी गच्ची पत्र्याखाली. जागा कुठाय?" संपला विषय.

१५ डिसेंबर, रविवार

तिच्या सोलरच्या इन्व्हर्टरला युनिटांचे आकडे दाखवायला नेट लागतं. तिचं वायफाय गच्चीपर्यंत पोचत नाही, म्हणून आमचं दिलं. म्हणजे आमच्या वायफायवरून तिची वीज माझ्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये! आज जेवताना: "तिची आज बारा युनिट झाली बघ." भरीत केलं होतं. वांगं गॅसवर भाजून, हात भाजून घेऊन. त्याबद्दल अवाक्षर नाही.

उन्नतीला फोनवर सांगितलं तर कार्टी पुण्यात बसून हसतेय. "आई, तू चक्क जेलस आहेस!"

आहे. मग?

२२ डिसेंबर, रविवार

नळाचं पाणी!! बोअरचं खारट, त्याने पॅनलवर पांढरे डाग पडतात, म्हणून हा माणूस नळाचं पाणी नेतो. एक दिवसाआड येणारं, मी पहाटे उठून भरून ठेवलेलं. दोन बादल्या! माझ्या केसांना बोअरचं चालतं, केस गळाले तरी. तिच्या काचांना नळाचं लागतं.

त्यात ती खालून म्हणते, "भाऊ, राहू द्या हो. मी माणूस लावलाय धुवायला." काय तो गोड आवाज! नको नको म्हणायचं आणि करून घ्यायचं. तो माणूस आलाही होता बिचारा. ह्याने फाटकातूनच पिटाळला. "त्याला काय कळतंय, काचा ओरबाडून ठेवेल."

आणि 'भाऊ' म्हणे!

२८ डिसेंबर, शनिवार

आज दुपारी दोन तास लाइट गेली. तिचीही गेली! भर उन्हात, डोक्यावर सहा पॅनल, आणि बाई दारात बसून वर्तमानपत्राने वारा घेतेय. बॅटरी नसली तर बाहेरची लाइन गेल्यावर सोलरही आपोआप बंद पडतं म्हणे — नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. प्रल्हादने अर्धा तास समजावलं. मी पहिल्यांदाच मन लावून ऐकलं.

फार बरं वाटलं. संध्याकाळी शिरा केला.

५ जानेवारी २०२५, रविवार

तिने गच्चीचं दार आतून लावायला सुरुवात केलीय. खिडकीचे पडदेही ओढलेले. तिची झोपायची खोली गच्चीला लागूनच. एवढं काय लपवायचंय?

प्रल्हाद मात्र रोज कठडा ओलांडून जातो. सकाळी साडेसहाला. मी चहा ठेवते, चहा गार होतो. पंधरा दिवसांतून एकदा धुतलं तरी पुरे, असं कंपनीच्या कागदावर छापलंय. मी वाचलं. मग रोज काय असतं?

आरशापुढे बराच वेळ उभी राहिले. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. कॉटनच्या साड्या, कडक इस्त्री. मी गाउनवर ओढणी टाकून क्लासच्या पोरांना गणितं घालते. त्या मोबाइलकडे तो जसं बघतो तसं माझ्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं? आठवत नाही. खरंच आठवत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीचं हळदीकुंकू आजच उरकलं. गल्लीतल्या सगळ्याजणी आल्या. तिला बोलावलं नाही.

गेल्या वर्षी मीच हट्टाने बोलावलं होतं. विधवा-बिधवा असला भेद माझ्या घरात चालणार नाही, म्हणून भाषण ठोकलं होतं सगळ्यांसमोर. या वर्षी मीच रीतीच्या आड लपले. रीत नव्हती ती, राग होता. कोपऱ्यावरची क्लारा तिळगूळ घेताना म्हणाली, "सरोजिनी दिसत नाय ती?" मी म्हटलं, बँकेत असेल. संध्याकाळी सात वाजता!

लाज वाटली. पण थोडीच.

१८ जानेवारी, शनिवार

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला तडा. प्रल्हाद नेमका चुलत्यांकडे चिपळूणला, सोमवारी येणार. जितेश प्लंबर नवी टाकी घेऊन आला. म्हणाला, "ताई, जुन्याच जागी ना?"

हो म्हणणार होते. तेवढ्यात प्रल्हादचं जेवतानाचं एक प्रवचन आठवलं — एका पॅनलवर सावली आली तरी अख्खी ओळ मंदावते. आमचं घर तिच्या पश्चिमेला.

"नाही," मी म्हटलं. "पाच फुटी स्टँड कर. आणि त्या मधल्या कठड्याला लाव. पाण्याला जोर येईल."

"बाजूच्यांच्या सोलरवर सावली पडेल, ताई."

"मी बोललेय त्यांच्याशी."

खोटं! इतकं सहज निघालं तोंडातून. चार वाजता वर जाऊन बघितलं. तिच्या तीन पॅनलवर सावली, जाडजूड, आमच्या टाकीची. खाली आले आणि एकटीपुरते कांदेपोहे केले. वर खोबरं, कोथिंबीर, सगळं.

२१ जानेवारी, मंगळवार

"आठ युनिट! आठ!" कालपासून हा एकच जप. जेवण जात नाही त्याला.

टाकी बरोबर तिथेच आहे, जिथून तो पलीकडे पाय टाकायचा. बाकी कठडा आमच्या पत्र्याने अडलेला. त्यामुळे आज पुढच्या दाराने गेला, अगदी राजरोस! पण पाच मिनिटांत परत. "घरात नाही वाटतं." तिच्या कुकरची शिट्टी मला इकडे ओट्याशी ऐकू येत होती. भांडण झालं की काय दोघांचं? झालं असेल तर उत्तम.

२६ जानेवारी, रविवार

आज पुन्हा दोनदा बेल वाजवून आला. दार उघडलं नाही तिने. मग सगळा राग माझ्यावर.

"टाकी तिथे लावायची अक्कल कुणाची? मुद्दाम केलंस तू!"

"हो. मुद्दाम."

माझं मलाच नवल वाटलं. मला वाटलं आता तो विचारेल, का केलंस. विचारलं नाही! जितेशला फोन लावला, मंगळवारी येऊन टाकी हलव म्हणून सांगितलं आणि पेपर घेऊन बसला.

सत्तावीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी हा माणूस कधी कुणाशी मोठ्याने बोलला नाही. आज आवाज चढला तो तिच्या युनिटांसाठी. मोरीचा नळ सोडून रडले.

२७ जानेवारी

रात्रभर विचार केला. तिने माझं काय केलंय? एक शब्द वावगा बोललेली नाही आजवर. सावलीबद्दलही काही बोलायला आली नाही. आणि मी बारावीपर्यंतच्या पोरांना शिकवणारी बाई, शेजारणीचं ऊन अडवून पोहे खाते!

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. उद्या तिच्या बँकेच्या वेळेआधी जाणार. कबूल करणार, माफी मागणार. मग तो तिच्याकडे गेला तर जाऊ दे. नाही, जाऊ दे नाही. पण माफी मागणार.

२८ जानेवारी, मंगळवार

गेले. दाराच्या फटीतून आधी बघितलं तिने, मग उघडलं. कुंकू लावलं, तिळगूळ दिला. सांगून टाकलं — टाकी मीच मुद्दाम लावली, आज हलवतेय.

तिने माझा हातच धरला. "वहिनी, नका हलवू. वीज गेली तर जाऊ दे. भाऊ रोज सकाळी माझ्या खिडकीशी येऊन उभे राहायचे. दोनदा सांगितलं, येऊ नका. कडी लावली तर काचेवर टकटक करायचे. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार? ती टाकी आल्यापासून मी जरा झोपतेय."

जितेशला नको म्हणून कळवलं. प्रल्हाद गच्चीवरून हाका मारतोय, प्लंबर कुठे राहिला म्हणून. वर जातेय.