धरून ठेवणारं बटण

२९ नोव्हेंबर, जळगाव
धुळ्याहून रवीचं पार्सल आलं. आत ट्रॅकबॉल. माउससारखा सरकवायचा नाही, जागच्या जागी बोटांनी गोळा फिरवायचा. चार बटणं. भावाची हौस! फोनवर म्हणतो, अक्का, आता डाव्या हातानं पत्रिका कर. बोलायला काय जातं. पक्षाघातापासून उजवा हात नुसता मांडीवर पडून असतो. इतकी वर्षं लग्नपत्रिका केल्या त्या त्यानंच. सीझन आलाय आणि गिऱ्हाईक दारातून परत जातंय.
इथून पुढे रवीला र. लिहीन. एका हातानं टाइप करतेय, एकेक अक्षर जड जातं.

३० नोव्हेंबर
लावला. बाण पळतो. खालची दोन बटणं चालली, वरची दोन मुकी. र.नं माझ्या कॉम्प्युटरवर त्यानंच बसवलेल्या लाडक्या लिनक्समध्ये हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडायला लावली, काहीतरी टाइप करून घेतलं, म्हणाला एकेक बटण दाब. एक. तीन. वरचं दाबलं तर आठ! पलीकडचं नऊ. म्हणजे मशीन दोघांनाही नंबरानं ओळखत होतं, काम तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. मधले आकडे कुठं गेले विचारलं. दोन म्हणे मधल्या बटणाचा, चार ते सात स्क्रोलचे. याला ना मधलं बटण ना चाक, तरी जागा राखून ठेवल्यात. काय व्यवस्था आहे! हसू आलं, खूप दिवसांनी.

२ डिसेंबर
हसू जिरलं. नाव उचलून दुसरीकडे न्यायचं तर बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी गोळा फिरवायचा. एका हातानं होत नाही. बोट सटकतं. नवरदेव जाऊन आजोबांच्या डोक्यावर बसला. पाचसहा वेळा तेच. मग रडले. हे दुकानातून जेवायला आले होते, दारात उभे राहिले, न जेवताच परत गेले.

४ डिसेंबर
बाण हलेचना. र.नं फोनवर नाना उपाय सांगितले. शेवटी गोळा काढून पाहिला तर चिकट! यांनी ग्रीस लावलं होतं. पंपांच्या सुट्या भागांचं दुकान, दुसरं काय सुचणार. वर मलाच म्हणतात, "बेअरिंग शे ना, मंग ग्रीस लागस." अहो, त्या गोळ्याखाली त्याचं फिरणं टिपणारा डोळा आहे, तुम्ही डोळ्यात ग्रीस घातलंत. मी खूप बोलले त्यांना. गोळा साबणानं धुतला, खालचा डोळा कापसानं पुसला. चालू. परवा रडताना पाहिलं म्हणून केलं असणार. एवढं मला संध्याकाळी कळलं, तोवर बोलून झालं होतं.

७ डिसेंबर
हे लिहिताना अजून अंगावर काटा आहे.
र.ला एक सोय सापडली. आठ दाबून सोडलं की एक नंबरचं, उचलायचं बटण दाबलेलंच राहतं, पुन्हा आठ दाबेपर्यंत. काल दिवसभर मशीन ऐकत नव्हतं. लॉगिनला नव्या पद्धतीचं सेशन निवडलेलं, त्यात ही सोय चालत नाही म्हणे. आज जुनं निवडलं.
आठ दाबलं. बोट उचललं. गोळा फिरवला. नवरीचं नाव बाणामागून निघालं. बटणाला कुणाचंही बोट नाही, तरी कुणीतरी ते माझ्यासाठी धरून ठेवलंय. मी नाव स्क्रीनभर फिरवलं, वरात काढली नुसती.
र.ला विचारलं, हे लिहिलं कुणी? म्हणाला, "काय माहीत अक्का. लिहिलं आणि सगळ्यांसाठी ठेवून दिलं." कुठल्या गावचा माणूस, की बाईच, आणि तिला माझ्यासारखीचा विचार कसा सुचला? स्क्रीनला नमस्कार केला. डाव्याच हातानं.

१० डिसेंबर
मशीन बंद करून लावलं की सगळं विसरायचं. र.नं फाइलमध्ये लिहायला लावलं. माझं एक अवतरणचिन्ह राहिलं तर अख्खी स्क्रीन काळी, जीवच गेला. आता पक्कं बसलं.
भडगावची पत्रिका पूर्ण केली. तळाला त्यांना अहिराणी ओळ हवी होती: आमना घर लगीन शे, बठ्ठासनी येवानं, म्हणजे सगळ्यांनी यायचं. सगळी मीच केली.

१३ डिसेंबर
फिजिओच्या मॅडमना कौतुकानं दाखवलं. त्यांनी माझा उजवा हात मांडीवरून उचलून पाहिला. मग म्हणाल्या, सगळं डाव्यानं करायला लागलात तर उजवा मागे पडेल, त्याला रोज काम द्या. चिडले मी. काम देऊ कसं? त्याचं एक बोट हललेलं आजारानंतर ना त्यांनी पाहिलं ना मी.
रात्री र.ला सांगितलं. तो म्हणाला, उजवा हात त्याच गोळ्यावर ठेवून बघ.

१५ डिसेंबर
बाणाचा वेग शेवटपर्यंत वाढवला. काळी खिडकी उघडली. गोळा केसभर हलला तरी तिथं ओळ उमटते. उजवा हात उचलून गोळ्यावर ठेवला. लबाडी नको म्हणून डावा मांडीखाली घेतला. मधल्या बोटाला म्हटलं, हल. काही नाही. पुन्हा म्हटलं. बराच वेळ.
एक ओळ उमटली.
पण तेवढ्यात रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला होता. टेबल हललं असेल. की बोट? यांना हाक मारली. आले, ऐकलं. टेबलाचे दोन कोपरे दोन हातांनी धरून उभे आहेत, श्वाससुद्धा बेतानं घेतायत. रस्ता आता शांत आहे.
हे एवढं टाइप करते आणि डावा हात पुन्हा मांडीखाली घेते.