काऊनच्या शेवटी एन

५ जानेवारी, रविवार
बारावीच्या बोर्डाची कॉम्प्युटर सायन्सची प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात. आजपासून तयारी सुरू. रोज पहाटे उठून दोन तास सी प्लस प्लस. जर्नलमध्ये वीस प्रोग्राम आहेत. चिठ्ठी उचलायची, जो निघेल तो टाइप करून चालवून दाखवायचा. वीस म्हणजे काहीच नाही. माझ्यात प्रोग्रामिंग जन्मजात आहे. कोणाचाही मोबाइल हँग झाला की आमचं अर्धं रोहणा गाव माझ्याकडे येतं. मी बंद करून चालू करतो, लगेच चालतो.

जेवताना आचलनं विषय काढला. धाकटी बहीण, दहावीला आहे. पुढच्या वर्षी तिलाही माझ्यासारखं आर्वीच्या कॉलेजात सायन्स आणि कॉम्प्युटर घ्यायचं आहे. बाबा म्हणाले, "पहिले अश्वजितचं पाहू. त्याले जमलं त तुलेबी देऊ. नाई त गावातच आर्ट्स." म्हणजे आचलचं भविष्य माझ्या हातात. तिला म्हणालो, निश्चिंत राहा. ती काही बोलली नाही. उपकाराच्या ओझ्यानं माणसाला बोलता येत नाही.

६ जानेवारी, सोमवार
पहिल्याच दिवशी धोका. गजर वाजला, आईनं ऐकला, आणि मला उठवलं नाही. जाब विचारला तर म्हणे, "उठोलं न. तू म्हणे मी उठलोच हाओ." झोपेतल्या माणसाच्या शब्दावर आई विश्वास ठेवते. उद्यापासून सहाला.

८ जानेवारी, बुधवार
सहाऐवजी सात. सातला लाइट गेली. बाबा स्वतः लाइनमन. चौकशी केली तर कळलं, लाइन त्यांनीच बंद केलेली, खांबावर काम करायला. घरच्या माणसानंच असं करावं. आमच्याकडे कॉम्प्युटर नाही ही गोष्ट वेगळी. लाइट नसली की मन लागत नाही.

११ जानेवारी, शनिवार
लॅब. झाडे सर एका कॉम्प्युटरवर दोघांना बसवतात. माझा जोडीदार रत्नदीप, आमच्याच गावचा, एकाच बसनं येतो-जातो. कीबोर्ड त्याच्याकडे असतो. मी मागं बसून दिशा देतो. सारखं स्क्रीनकडे बघत बसलं की विचार खुंटतो, म्हणून मी सहसा खिडकीबाहेर बघतो.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. सणाला अभ्यास करू नये.

१६ जानेवारी, गुरुवार
येताना बसमध्ये रत्नदीपकडून पूर्ण सी प्लस प्लस करून घेतलं. कीबोर्डवरून माहिती आत घ्यायची तर 'सीन'. सी आय एन. आणि स्क्रीनवर दाखवायची तर... इथं बस खड्ड्यात गेली आणि मला ऐकू आलं नाही. परत विचारलं. तो म्हणे, "याद ठेवाले सोपं हाय बे. कॉम्प्युटर काही दाखवून नाई राह्यला, त त्याले म्हणाचं, काऊन बे, दाखवत काऊन नाई? मंग तो दाखवते." पुढच्या सीटवरच्या बाया हसल्या. माझ्या मात्र एकदम डोक्यात बसलं. काऊन. एवढ्या मोठ्या भाषेत आपला वऱ्हाडी शब्द घेतलाय आणि कोणी सांगतही नाही! पुण्याची पोरं 'का' म्हणतात, त्यांना हा पाठ करावा लागत असेल. आपल्याला जन्मापासून येतो.

१९ जानेवारी, रविवार
जर्नल तपासायला द्यायचं आहे. माझं अक्षर विचार करणाऱ्या माणसाचं आहे, ते सगळ्यांना वाचता येत नाही. म्हणून रत्नदीपचं जर्नल आणलं आणि आचलला उतरवायला दिलं. तिची पूर्वपरीक्षा चालू आहे, पण लिहिण्यानं हात मोकळा होतो. शिवाय हा सगळा खटाटोप शेवटी तिच्यासाठीच आहे.

२१ जानेवारी, मंगळवार
जर्नल पूर्ण झालं. सुंदर अक्षर. आणि आत धोका.

सहज उघडलं तर प्रत्येक पानावर काऊनच्या शेवटी टी. सी ओ यू टी. विसाच्या वीस प्रोग्रामांत. आचलला बोलावलं. ती म्हणे, "दादा, रत्नदीपदादाच्या जर्नलमंदी टीच हाय." मी शांतपणे समजावलं, रत्नदीपचा एन टीसारखा दिसतो. ती म्हणे, "मंग सीनचा एन एनसारखा कसा दिसते?" मी म्हणालो, तेच तर. सीनच्या शेवटी एन आहे, तर काऊनच्या शेवटी टी कुठून येईल? दोन्ही एकाच भाषेतले शब्द ना? ती म्हणे, "पुस्तकात पाह्य न दादा एकडाव." पुस्तकात छपाईच्या चुका किती असतात हे तिला अजून माहीत नाही. लहान आहे. वाद वाढवला नाही. व्हाइटनर आणून दिलं.

२३ जानेवारी, गुरुवार
आचलनं कालचा पूर्ण दिवस बसून प्रत्येक टी खोडला आणि त्या जागी एन केला. करताना तोंड फुगवलं होतं. आज झाडे सरांना जर्नल दिलं. सरांनी प्रत्येक पानाच्या खाली हिरव्या शाईनं सही केली, शेवटच्या पानावर शिक्का मारला. घरी आल्यावर आचलला सह्या दाखवल्या. हा घे पुरावा, म्हणालो. सर एम.एस्सी. आहेत. ती उठून पाणी भरायला गेली.

१ फेब्रुवारी, शनिवार
तयारी पूर्ण. अंगणात फेऱ्या मारत पाठ म्हणतो. "काऊन, लेस दॅन, लेस दॅन." आई शेवटी बाहेर आली, म्हणे, "कोनाले इचारून राह्यला बाप्पा सक्कायपासून, काऊन काऊन?" या घरात अभ्यासाला वातावरण नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
आयुष्यातला सर्वांत मोठा धोका. क्रमानं लिहितो.

प्रॅक्टिकलला चिठ्ठी उचलली. फिबोनाचीच्या आकड्यांचा प्रोग्राम. तोंडपाठ. टाइप करायला थोडा वेळ गेला, कारण वर्षभर कीबोर्ड रत्नदीपनं अडवून ठेवला होता. शेवटी रन केलं. एरर. कॉम्प्युटर म्हणतो, काऊन ओळखीचा नाही. मी पुन्हा रन केलं. पुन्हा तेच. मी मॉनिटर बंद करून चालू केला. तरी तेच.

बाहेरून तपासायला आलेल्या मॅडम जवळ आल्या. हिंगणघाटच्या आहेत, स्वभावानं बऱ्या वाटल्या होत्या. स्क्रीनकडे पाहून त्यांनी विचारलं, "इथं एन काऊन?"

मी म्हणालो, "हो मॅडम, काऊनच."

त्या म्हणाल्या, "अरे, मी इचारून राह्यली, टीच्या जागी एन काऊन?"

मी म्हणालो, "बरोबर मॅडम. काऊनमध्ये शेवटी एन."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमला वाटलं मी त्यांची नक्कल करतो आहे. पुरावा म्हणून मी जर्नल पुढं केलं. त्यांनी एक पान पाहिलं, मग दुसरं, मग नखानं व्हाइटनर खरवडलं. खाली टी. पुढच्या पानावर खरवडलं. खाली टी. आणि त्याच्याखाली झाडे सरांची हिरवी सही. मॅडमनं सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रत्नदीपकडे पाहिलं. तो स्वतःच्या स्क्रीनकडे बघत होता, तिथं त्याचे आकडे भराभर येत होते.

सर हळू आवाजात म्हणाले, "अश्वजित, वर्षभर लॅबमंदी तू काय करून राह्यला होता?" मी म्हणालो, मार्गदर्शन. सरांनी जर्नल मिटलं. बोलणार काय? सही त्यांचीच होती. चूक होती तर सही का केली? एम.एस्सी. माणसावर विश्वास ठेवणं हा माझा गुन्हा.

तोच दिवस, रात्री जेवणानंतर
बाबांनी विचारलं, कसं झालं. म्हणालो, जर्नल चुकीचं निघालं. बाबा म्हणाले, "कोनं लिवलं होतं?" मी म्हणालो, आचलनं. यात एकही शब्द खोटा नाही. आचल समोर इतिहासाचं पुस्तक घेऊन बसली होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाव बाबा, मीच लिवलं." मग पुन्हा वाचायला लागली. बाबांनी ताटात हात धुतला आणि उठले.

एकही शब्द खोटा नाही. तरी भाकर घशाखाली उतरली नाही. भाजीत मीठ जास्त होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
रत्नदीपला बसमध्ये सरळ विचारलं, का केलंस असं? तो म्हणे, "मी याद ठेवाले सांगतलं होतं, लिवाले नाई!" किती तयार उत्तर! मी उठून चाकावरच्या सीटवर जाऊन बसलो. आर्वी येईपर्यंत हाडं खिळखिळी झाली, पण गेलो नाही त्याच्याकडे. अंगणवाडीपासूनची मैत्री संपली.

७ मे, बुधवार
निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, कॉम्प्युटरमध्ये राहिलो. बोर्डानंही बाजू ऐकून घेतली नाही. रत्नदीप चांगल्या मार्कांनी पास, नागपूरला चालला. संध्याकाळी पेढे घेऊन आला. बाबांना "जय भीम काका" केलं, माझ्यापुढं बॉक्स धरला. मी दोन घेतले, पण मनापासून नाही.

१५ मे, गुरुवार
आचलचा दहावीचा निकाल. शाळेत पहिली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ड्युटीवर गेले. अकरावीचं कोणी काही बोललं नाही. माझं जमलं तर तिला, असं ठरलं होतं. माझं जमलं नाही. आणि जमलं नाही ते तिच्या जर्नलमुळं, असं बाबांना वाटतं. म्हणजे आर्ट्स. म्हणजे गावातच.

आजकाल झोप लागत नाही. कूलर गरम हवा मारतो.

१९ मे, सोमवार
अकरावीचे ऑनलाइन फॉर्म सुरू झाले. आईला विचारलं, आचल काय घेणार? ती म्हणे, "तुहे बाबा सांगतीन." ठरवलं, बाबांना सगळं सांगून टाकायचं. टी कोणाचा आणि एन कोणाचा. उद्याच.

२० मे, मंगळवार
बाबा दिवसभर बाहेर होते.

२१ मे, बुधवार
बाबा खुशीत होते. चांगल्या मूडमधल्या माणसाला कशाला त्रास?

२२ मे, गुरुवार
बाबा चिडलेले होते. आधीच चिडलेल्या माणसाला कशाला त्रास?

२४ मे, शनिवार
कागदावर लिहून पाठ केलं. पहिल्या वाक्यात 'मी' येतो, तिथं अडखळतो. वाक्याची रचना बदलून पाहतो आहे.

२६ मे, सोमवार
सकाळी बाबा आचलला घेऊन आर्वीला निघाले. बाबा ओट्यावर बसून बूट घालत होते, आचल फाइल घेऊन उभी. आता नाही तर कधीच नाही. गेलो आणि एका दमात सांगून टाकलं. आचलनं टीच लिहिला होता, मीच तिला एन करायला लावला, व्हाइटनर मीच दिलं, तिची पूर्वपरीक्षा होती, तिचं काही चुकलं नाही, तिला कॉम्प्युटर द्या. 

बाबांनी बुटाची लेस ओढली. म्हणाले, "मालूम हाय."

झाडे सरांचा फोन प्रॅक्टिकलच्याच दिवशी आला होता. मी बसमधून उतरायच्या आधी. रात्री बाबांनी मला 'कोनं लिवलं' म्हणून विचारलं तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. आणि आचलचा फॉर्म गेल्या मंगळवारीच भरलेला. सायन्स, कॉम्प्युटर. आज नुसते कागद दाखवायचे होते.

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं! मी चार महिने कूलरखाली तळमळत होतो आणि हे लोक शांतपणे वरण-भात खात होते. मी विचारलं, मग मला कोणीच का बोललं नाही? आई दारात उभी होती. ती म्हणाली, "तू आज सांगशीन, उद्या सांगशीन, म्हून वाट पाहून राह्यलो होतो रे बाबू."

मी म्हणालो, मग एकदा आठवण तरी करून द्यायची. बाबांनी गाडीला किक मारली. आचल मागं बसली आणि ते गेले. मी ओट्यावर बसून रडलो. कोणी धोका दिला म्हणून रडतो आहे ते काही केल्या आठवेना.

जुलैमध्ये पुन्हा प्रॅक्टिकल आहे. रत्नदीप नागपूरला. झाडे सर माझा फोन उचलत नाहीत. वीसही प्रोग्राम ज्याला येतात असं रोहण्यात आता एकच माणूस आहे. संध्याकाळी आचल कॉलेजातून आल्यावर विचारलं, शिकवशील का? तिनं फाइल बाजूला ठेवली. मग म्हणाली, "शिकवीन. पण पहिले आठ दिवस तू बोलाचं नाई. नुसतं आयकाचं."

यात काहीतरी डाव असणार. तरी हो म्हटलं. फेब्रुवारीपासून ती मला दादा म्हणत नाही, हे आज लक्षात आलं.