पेनातलं बिऱ्हाड

ता. ९ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे शिवणकाम चालू आहे, मशीन मधूनच कुरकुरतं. तुझे भावजी आपल्या घराला अजून जकातनाकाच म्हणतात. तू मागे दारातून परत गेलीस ती रुसूनच, ठाऊक आहे मला. तुला एक शिंक आली आणि मी चेन उघडली नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो गं.

छकुलीच्या खोलीला मी शिवलेले, चेन लावलेले दोन प्लास्टिकचे पडदे तुला आठवतच असतील. मधल्या रिकाम्या जागेत कपडे बदलायचे, हात धुवायचे, मगच दुसरी चेन. तिच्या रक्तात लढायला काही उरलं नव्हतं, म्हणून खिडकीसुद्धा बंद.

त्या खिडकीबाहेर, खाचेत अडकलेल्या जुन्या पेनाच्या पारदर्शक नळीत एका कुंभारणीनं बिऱ्हाड केलं. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची काळी माशी, मातीचं घर करणारी. सगळं एकटीनं. पिल्लाच्या खाण्यासाठी कोळी धरून आणायचे, अंडं घालायचं, खोली लिंपून टाकायची. शेवटी दाराशी एक खोली रिकामीच ठेवली, चोर आलाच तर तिथून हात हलवत परत जावा म्हणून. छकुली हसली. म्हणाली, "आई, हिनं तुझाच पडदा चोरला."

पण त्याआधीच, ती कोळी आणायला गेली असताना, एक हिरवी झळझळीत माशी नळीत शिरून गेली होती. छकुलीनं काचेवर टकटक केली, खिडकी उघडून हाकल म्हणाली. मी उघडली नाही. नियम तो नियम. कुंभारीण परतली आणि तिनं फार निगुतीनं दार लिंपलं.

आज सकाळी ती माती फुटली. बाहेर आली ती हिरवी, त्या चोरटीनं घालून ठेवलेल्या अंड्यातली.

छकुली बराच वेळ बघत राहिली. "दिसायला मात्र छान आहे गं," म्हणाली. मग, "कुंभारणीला कळलंच नसेल ना, आत कोण आहे ते?"

नसेल, मी म्हटलं.

"मग तिची चूक नाही." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. तिला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही.

काल डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. बाहेरून काही आलंच नव्हतं, धाकटे. जुनंच दुखणं आत दडून राहिलं होतं, ते पुन्हा वाढलंय. आता औषधं थांबवा, तिला हवं ते करू द्या, म्हणाले. मला रडू आलं नाही. नुसता राग आला, त्या दोन चेनांचा.

तिला तू हवी आहेस. शिंका येत असल्या तरी ये. हात धुऊ नकोस, कपडे बदलू नकोस, सरळ आत जा आणि तिला कुशीत घे. पडदे मी उसवून ठेवले आहेत.

दार उघडं टाकून बसलेली,
तुझी ताई